जकात नाक्यावरची तिर्झा: फँटसी रोलप्लेइंग गेमसाठी एनपीसी कसा घडवायचा

एनपीसीची, म्हणजे खेळाडूंच्या ताब्यात नसलेल्या पात्राची, तीन पानी जन्मकथा लिहून आणावी आणि खेळाडूंनी पहिलाच प्रश्न असा टाकावा की त्याचं उत्तर त्या तीन पानांत कुठेच नसावं, हे नव्या गेम मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, वाट्याला हमखास येतं. आपल्याकडे त्या पात्राच्या आजोबांनी गाजवलेल्या लढाईचं वर्णन तयार असतं, समोरून विचारणा होते, "रात्री फाटक उघडून द्यायचं काय घ्याल?" मग ततपप. तपशील भरपूर असतो, पण टेबलावर हाताला लागेल असा नसतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फँटसी रोलप्लेइंग गेम १९७४ साली बाजारात आला तेव्हापासून कामाची वाटणी तीच आहे. प्रत्येक खेळाडूकडे एक पात्र, आणि जगातली उरलेली सगळी माणसं, राक्षस, भुतं, झालंच तर बोलणारी मांजरं गेम मास्टरच्या गळ्यात. ही उरलेली मंडळी म्हणजे नॉन-प्लेयर कॅरेक्टर, अर्थात एनपीसी. या लेखात त्यांतली एक बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत घडवू. आकड्यांसाठी डंजन्स अँड ड्रॅगन्सची २०१४ ची पाचवी आवृत्ती धरली आहे. तुमचा खेळ वेगळा असेल तर आकड्यांची पायरी तेवढी बदला, बाकीचं जसंच्या तसं चालेल.

पायरी १: एवढी मेहनत कोणासाठी, ते ठरवा

सगळ्यांसाठी करू नका. फाटकावरचा शिपाई, सराईतला पोऱ्या, घोडे विकणारा म्हातारा यांना एक नाव आणि एक लकब पुरते. तपशिलात घडवायचा तो एनपीसी, ज्याच्याकडे खेळाडूंना पुन्हा पुन्हा जावं लागेल किंवा ज्याच्या होकार-नकारावर गोष्टीचा रोख ठरेल. कॅम्पेनच्या, म्हणजे अनेक बैठकींत चालणाऱ्या लांब गोष्टीच्या, सुरुवातीला असे दोन-तीन खूप झाले. चौथा कोण होणार ते खेळाडूच ठरवतात. तुम्ही जिच्यावर आठवडा घालवला तिला ओलांडून ते सराईतल्या पोऱ्याशी गट्टी जमवतात. जमवू द्या, आणि पुढच्या सेशनपर्यंत (खेळाच्या बैठकीपर्यंत) पोऱ्याला बढती द्या.

मग निवडलेल्या एनपीसीचं टेबलावरचं काम एका वाक्यात लिहा. "तिर्झा गिधाडखिंडीतल्या जकात नाक्यावर कारकून आहे" हा झाला तिचा पेशा. "पळवलेल्या राजदूताची गाडी खिंडीतून कुठे गेली हे तिर्झाला माहीत आहे, आणि ती सांगणार नाही" हे तिचं काम. दुसरं वाक्य वाचलं की खेळाडू काय काय करून बघतील ते लगेच दिसायला लागतं: गोड बोलतील, दमदाटी करतील, रात्री वही चोरायला येतील. पहिल्या वाक्यावरून यातलं काहीच सुचत नाही.

पायरी २: तिला आत्ता काय हवंय

वेळ घालायचा तो इथे. बाकी सगळं विसरलात आणि एवढं एक नीट ठरवलंत तरी एनपीसी उभा राहतो.

"श्रीमंत व्हायचंय", "सूड घ्यायचाय", "राज्य वाचवायचंय" असल्या इच्छा कागदावर भारदस्त दिसतात. पण त्या माणसाने आज दुपारी काय केलं असेल, हे त्यांवरून सांगता येत नाही. इच्छा इतकी लहान आणि जवळची हवी की ती या आठवड्यात पुरी झाली की नाही, हे कोणालाही सांगता यावं.

तिर्झाचं बघू. खिंडीतून जाणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद तिच्या वहीत होते. तीन रात्रींपूर्वी एक झाकलेली गाडी आली. तिने नोंद लिहिली, नाणी मोजून घेतली, आणि गाडीवान "येतो" म्हणाला तेव्हा आवाज ओळखला. तो तिचा मुलगा होता, कोव. दुसऱ्या दिवशी राजदूत पळवल्याची दवंडी पिटली गेली आणि तिने ते पान फाडून चुलीत घातलं. आता पंचाईत अशी की वहीच्या पानांवर क्रमांक आहेत आणि कागद राजमुद्रेच्या छापाचा आहे, साधा कागद घुसवून भागणार नाही. चार दिवसांनी वही तपासायला तपासनीस येणार आहे. तिर्झाला आत्ता, या घडीला, राजमुद्रेचा एक कोरा कागद हवा आहे.

एवढं ठरल्यावर तिचं वागणं आपोआप सुचत जातं. पार्टीकडे, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीकडे, राजाचं आज्ञापत्र असेल तर ती मजकूर वाचणारच नाही. तिची नजर पत्राच्या खालच्या कोऱ्या भागावर रेंगाळेल. कोणी चौकस खेळाडू विचारेल, "ती काय बघतेय?" आणि तुमचा सीन सुरू झाला.

इच्छेच्या शेजारी आणखी दोन गोष्टी लिहा. पहिली, ती काही झालं तरी काय करणार नाही. कोवला पकडून द्यायला ती मदत करणार नाही. तुरुंगात जाईल, पण नाही. दुसरी, तिच्याच मनात इच्छेच्या आड येणारं काय आहे. बावीस वर्षांत तिच्या वहीत एक खाडाखोड नाही, आणि त्याचा तिला मुलाइतकाच अभिमान आहे. मुलासाठी तिने स्वतःची वही फाडली. तिचं तुसडेपण, तिची झोप उडणं, उगाच पुन्हा पुन्हा शाई ढवळणं, सगळं यातून निघतं. हे आतलं भांडण नसेल तर एनपीसी माहिती देणारं यंत्र होतो: खेळाडू बटण दाबणार, तो बोलणार.

पायरी ३: भूतकाळ, पण हात राखून

तीन-चार वाक्यं बास. प्रत्येक वाक्याला "मग?" असं विचारा. "नवरा खाणीत गाडला गेला." मग? "म्हणून कोवला तिने खाणीत जाऊ दिलं नाही, म्हणून तो गाड्या हाकायला लागला, म्हणून या भानगडीत सापडला." हे वाक्य ठेवा. "आजोबा मोठे योद्धे होते." मग? काही नाही. खोडा. फारच जीव जडला असेल तर आजोबांची तलवार नाक्याच्या भिंतीवर टांगा. कोणी विचारलं तर सांगाल.

वंशाचा विचार मात्र इथेच करा. तिर्झा माणूस आहे म्हणून बावीस वर्षांची नोकरी म्हणजे तिचं निम्मं आयुष्य. पाचव्या आवृत्तीच्या हिशोबाने ड्वार्फ साधारण ३५० वर्षं जगतो आणि एल्फ ७५० पर्यंत. ती एल्फ असती तर बावीस वर्षं ही कालपरवाची गोष्ट ठरली असती, आणि अभिमानाची वर्षं वाढवून दोनशे करावी लागली असती.

राहता राहिली अलाइनमेंट, म्हणजे पात्राच्या नीतीचा शिक्का. १९७४ मध्ये लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस असे तीनच कप्पे होते, पुढे त्यांचे नऊ झाले. भरायची तर भरा. पण "लॉफुल गुड" (नियम पाळणारी आणि भली) लिहिल्याने बाई फाटक उघडेल की नाही हे कळत नाही, त्यामुळे मी ती जागा रिकामी सोडतो.

पायरी ४: गुपित, आणि त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा

फाडलेलं पान हे तिर्झाचं गुपित. नवे गेम मास्टर गुपित छान रचतात आणि मग त्याची राखण करत बसतात, जणू खेळाडूंना ते कळलं तर आपण हरलो. गुपित उघडं पडण्यासाठीच असतं. फक्त ते खेळाडूंच्या खटपटीने उघडं पडावं.

त्यासाठी किमान तीन स्वतंत्र धागे ठेवा, कारण एक धागा खेळाडूंच्या नजरेतून सुटणार आणि दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावणार. तिर्झाच्या बाबतीत ते असे:

वहीत २११ नंतर थेट २१३ क्रमांकाचं पान आहे. बोरू दाबून लिहायची तिची सवय असल्याने २१३ वर मागच्या नोंदीचे वळ उमटलेत. त्यावर कोळसा हलकेच घासला की "झाकलेली गाडी, दोन खेचरं, उत्तरेकडे" एवढं वाचता येतं. आणि बुरुजावरच्या पहारेकऱ्याने त्या रात्री कंदील हलताना पाहिला होता.

काही धागे वस्तूत, काही दुसऱ्या माणसाकडे अशी विभागणी केली की प्रत्येक तऱ्हेच्या खेळाडूला काहीतरी सापडतं. पहिले दोन धागे कळायला तर तिर्झाशी बोलायचीही गरज नाही. तेही बरंच आहे. चोर खेळणाऱ्यालाही काम मिळतं.

पायरी ५: गोतावळा

एकटा एनपीसी लंगडा असतो. त्याच्याभोवती तीन माणसं ठेवा: एक त्याच्या बाजूचं, एक विरोधातलं, एक ज्याच्यामुळे तो अडचणीत येतो. तिसरा कोव आहेच. तिच्या बाजूचा तो बुरुजावरचा पहारेकरी, हाम: एकदा तो पहाऱ्यावर झोपला होता आणि तिर्झाने ते वर कळवलं नाही. विरोधात व्यापारी बेलग्रिन: तिने त्याच्याकडून कधी एक नाणंही कमी घेतलं नाही, म्हणून ती लाचखाऊ आहे असं तो गावभर सांगत फिरतो.

बेलग्रिन खोटं बोलतोय, हे महत्त्वाचं. खेळाडू तिर्झाला भेटण्याआधी त्याला भेटले तर तिला लाच द्यायला जातील, आणि ती ज्या तऱ्हेने भडकेल त्यावरून तिची खरी ओळख पटेल. एनपीसीबद्दल गावात एक चुकीचा समज पसरवून ठेवणं ही फार स्वस्तातली युक्ती आहे.

नावं ठेवताना पहिली अक्षरं वेगवेगळी घ्या आणि नाव मोठ्याने तीनदा म्हणून बघा. जीभ अडखळत असेल तर बदला. जोडाक्षरांची माळ असलेलं नाव खेळाडू अर्ध्या तासात "ती नाक्यावरची" असं करून टाकतात.

पायरी ६: दिसणं आणि बोलणं

डोळ्यांचा रंग, उंची, केसांची लांबी लिहू नका. कोणाच्या लक्षात राहत नाही. दिसणारी एक गोष्ट, हातांची एक सवय आणि बोलण्याची एक ढब, एवढं घ्या. तिर्झाच्या उजव्या हाताची दोन बोटं शाईने कायमची निळी झालीत. बोलताना ती वहीवर तळवा ठेवून बसते, आणि प्रश्न नको असेल तर तळवा उचलत नाही. तिची वाक्यं आखूड.

आवाज बदलून बोलता आलंच पाहिजे असं काही नाही. जमत असेल तर मजा येते, नसेल तर वेग आणि वाक्याची लांबी बदला, तेवढ्याने काम होतं. मराठीत खेळत असाल तर आणखी एक सोय फुकटात मिळते: तू, तुम्ही आणि आपण. तिर्झा येणाऱ्या-जाणाऱ्याला "तुम्ही" म्हणते, तपासनीसाला "आपण". ज्या क्षणी ती पार्टीतल्या कोवळ्या पोराला "तू" म्हणते, त्या क्षणी तिला कोव आठवलाय. हे तुम्ही खेळाडूंना समजावून सांगायचं नाही. त्यांच्या कानांना ते कळतं.

टेबलावर हे असं ऐकू येतं:

"बाई, तीन रात्रींपूर्वी इथून एक झाकलेली गाडी गेली का?"

"वहीत असेल तर गेली."

"मग वही बघून सांगा ना."

"जकात भरलीत? मग पुढे व्हा. मागे रांग आहे."

आणि गेम मास्टर म्हणून तुम्ही एवढंच जोडायचं: मागे कोणीही उभं नाही.

"ती घाबरलेली दिसते" असं सांगितलं असतंत तर खेळाडूंनी ऐकून घेतलं असतं. रिकामी रांग त्यांनी स्वतः पकडली, म्हणून ते आता तिला सोडणार नाहीत.

पायरी ७: आकडे

लढायला न येणाऱ्या एनपीसीसाठी पूर्ण स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा तक्ता) बनवत बसू नका. पाचव्या आवृत्तीतला कॉमनर (सामान्य माणूस) उचला: एसी (वारापासून बचाव) १०, एचपी (अंगातला जीव) ४, ताकद, बुद्धी यांसारख्या सहाही अ‍ॅबिलिटी १०. त्यात दोन-तीन बदल करा. तिर्झाचं इंटेलिजन्स १४ आणि विस्डम १३ करू. अ‍ॅबिलिटीतून १० वजा करून निम्मे करायचे आणि खालच्या पूर्णांकावर आणायचे, म्हणजे मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) अनुक्रमे +२ आणि +१. माणसं ओळखण्यात ती मुरलेली आहे, म्हणून प्रोफिशियन्सीचे (सरावाचे) २ मिळवून इन्साइट +३. करिश्मा १० च राहू दे, पण डिसेप्शनला (खोटं बोलण्याला) प्रोफिशियन्सी द्या: +२. म्हणजे ती इतरांचं खोटं चटकन ओळखते, आणि तिचं स्वतःचं खोटं तेवढं पक्कं नसतं. स्वभाव आकड्यांत उतरला तो असा.

एचपी ४ लक्षात ठेवा. तलवारीचा एक बरा वार बसला की ती गेली. खेळाडूंना हे कळत असतं, आणि धमकी द्यायची की नाही याचा निर्णय त्यामुळे त्यांच्या अंगावर येतो.

पार्टीबद्दल तिची सुरुवातीची वृत्ती ठरवा: फ्रेंडली, इनडिफरंट की होस्टाइल. तिर्झा इनडिफरंट, म्हणजे तटस्थ. अशा व्यक्तीने बिनधोक गोष्ट करावी यासाठी डीसी (फासा आणि मॉडिफायर मिळून गाठायचा आकडा) १०, आणि थोडा धोका पत्करावा यासाठी डीसी २० असा नियम आहे. वही दाखवणं हा तिच्यासाठी धोकाच आहे, तेव्हा २०. पर्स्युएशन (मन वळवणं) +४ असलेल्याला डी२० वर, म्हणजे वीस पैलूंच्या फाशावर, १६ किंवा त्याहून जास्त पडावं लागतं, म्हणजे चारांत एकदा. पण त्याने आधी राजमुद्रेचा कागद पुढे सरकवला असेल तर अ‍ॅडव्हान्टेज द्या. दोन फासे टाकून मोठा घ्यायचा म्हटल्यावर शक्यता साधारण ४४ टक्क्यांवर जाते. तिची इच्छा हेरणाऱ्याला हा फायदा मिळायलाच हवा.

आणि कोवला पकडून देण्याच्या बाबतीत फासा टाकायलाच लावू नका. ते ती करणार नाही, असं आपण पायरी २ मध्ये ठरवलंय. टाकलाच कोणी हौसेने आणि २० पडले, तर ती रडत नकार देईल, आणि त्या नकारात कोवचं नाव तिच्या तोंडून निसटेल.

आयत्या वेळी उपटलेल्या, काहीच तयारी नसलेल्या एनपीसीसाठी जुन्या आवृत्त्यांतला रिअ‍ॅक्शन रोल अजून उपयोगी पडतो. दोन सहा-पैलू फासे टाका. बेरीज जितकी कमी तितका माणूस वैरी, जितकी जास्त तितका स्नेही. दोन किंवा बारा प्रत्येकी ३६ पैकी एकदाच पडतात, त्यामुळे बहुतेक लोक मधल्यामध्ये, सावध निघतात. खरे लोक तसेच असतात.

पायरी ८: सगळं एका कार्डावर

आतापर्यंत लिहिलेलं सगळं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर उतरवा. मावत नसेल तर काटा. तिर्झाचं कार्ड:

तिर्झा, गिधाडखिंड, जकात कारकून, माणूस, पन्नाशीच्या आतबाहेर.
काम: गाडी उत्तरेकडे गेली हे माहीत, सांगणार नाही.
हवंय: राजमुद्रेचा कोरा कागद, चार दिवसांत.
कधीच नाही: कोवला पकडून देणं.
आतलं भांडण: मुलगा की वही.
गुपित: २१२ वं पान. धागे: क्रमांक, वळ, हाम.
माणसं: कोव (मुलगा), हाम (मिंधा), बेलग्रिन (बदनामी करतो).
खूण: निळी बोटं, वहीवर तळवा, आखूड वाक्यं, "तुम्ही".
एसी १०, एचपी ४, इन्साइट +३, डिसेप्शन +२. इनडिफरंट.

सेशनमध्ये हे कार्ड गेम मास्टर आपली टिपणं लपवतो त्या पडद्यामागे समोरच ठेवा. मोठी वही चाळायला वेळ मिळत नाही.

पायरी ९: टेबलावर आणल्यावर

कार्डावरचं वाचून दाखवू नका. पहिल्या भेटीत एक खूण आणि एक वाक्य पुरे. बाकीचं खेळाडू ओढून काढतील तेवढंच बाहेर येऊ द्या. निम्मं कार्ड कधीच वापरलं जाणार नाही, त्याची हळहळ नको.

खेळाडूंनी अनपेक्षित काही विचारलं की उत्तर शोधू नका, इच्छेकडे बघा. "बाई, नाक्यावर रात्री राहायला जागा आहे का?" कार्डावर याचं उत्तर नाही. पण अनोळखी लोक रात्रभर वहीच्या जवळपास असणं तिला परवडेल का? नाही. म्हणजे जागा नाही. पण त्यांच्याकडे आज्ञापत्र दिसलं असेल तर? मग जागा आहे, आणि गरम पाणीसुद्धा आहे.

एक मोह आवरा. मनाजोगा एनपीसी जमला की त्याला पार्टीबरोबर प्रवासाला पाठवावंसं वाटतं. मग तोच कोडी सोडवतो, तोच शेवटचा वार करतो, आणि खेळाडू मोबाइल बघत बसतात. तिर्झाची जागा नाक्यावर आहे. तिला तिथेच राहू द्या. खेळाडू तिच्याकडे येतील.

सेशन संपल्यावर पाच मिनिटांत कार्डाच्या मागे तीन ओळी लिहा: तिला पार्टीबद्दल आता काय माहीत आहे, कोणी तिला काय वचन दिलं, आणि खेळाडू परत आलेच नाहीत तर ती काय करेल. ही तिसरी ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि तिथेच जग थिजून जातं. तपासनीस चौथ्या दिवशी येणार तो येणारच. कागद मिळाला नाही तर तिर्झा आदल्या रात्री वहीसकट उत्तरेकडे पळेल, आणि हामला दोन्हीकडून मार बसेल.

ती मेली तर मरू द्या. पण गाडीची माहिती तिच्याबरोबर जाळू नका. वही आहे, हाम आहे, आणि आईच्या मरणाची बातमी कोवपर्यंत पोचणारच आहे. आता तो काय करेल, याचं वेगळं कार्ड करा. खेळाडूंनी तिच्याकडे ढुंकूनही न बघता खिंड ओलांडली, तर तिचं कार्ड फाडू नका. नाव बदला, खिंडीच्या जागी बंदर घाला, जकातीच्या वहीऐवजी जहाजांची यादी ठेवा, आणि दहा सेशननंतर तीच बाई पुन्हा आणा. कोणाला पत्ता लागत नाही.